इशाऱ्यांचं कोरं पान

बंदराच्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या बाईला सगळे शंकाताई म्हणत. नाव तिच्या नवऱ्यानंच ठेवलेलं. घराला कुलूप लावलं की ती चार पावलं जाऊन परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. समोरचा "बरं" म्हणाला तरी "नक्की ना?" असं विचारल्याशिवाय फोन ठेवायची नाही. "हिच्याशी लग्न करताना मी तीनदा हो म्हणालोय," नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

तिचं काम म्हणजे समुद्राच्या इशाऱ्यांचं पान चालू ठेवणं. वारा किती, लाटा किती, कुठल्या पट्ट्यात जाऊ नये, हे मोबाइलवर बघूनच मासेमारीच्या बोटी निघायच्या. त्यात एक बोट नवऱ्याची. आणि धक्क्यावरून बोटी सोडायचं काम सासऱ्यांकडे. म्हणजे सगळं घरच त्या पानाच्या भरवशावर.

त्या दुपारी सासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, पान कोरं आहे. एकसुद्धा इशारा नाही. भरती चढली की सोडतो बोटी."

खिडकीबाहेर समुद्र ताटासारखा सपाट होता. ती "बरं" म्हणणार होती, पण शब्द ओठांवरच राहिला. शांत दिवशी पान कोरं नसतं. त्यावर एक ओळ असते, 'आज कोणताही इशारा नाही.' ती ओळ तिनंच हट्टानं घालायला लावली होती. काही नाही हे सांगायला ओळ कशाला हवी, म्हणून सगळ्यांनी तिची टर उडवली होती. आज तीही ओळ नव्हती.

"बाबा, थांबा जरा. कोरं म्हणजे शांत नव्हे."

"अगं, ऊन बघ बाहेर! भरती कोणासाठी थांबते का?" सासऱ्यांनी फोन ठेवला.

ती कामाला लागली. कोणी मोबाइलवर पान उघडलं की ती मागणी आधी मधल्या सर्व्हरकडे जायची. त्याला प्रॉक्सी म्हणतात. तो ती आतल्या अ‍ॅप्लिकेशनपर्यंत नेतो आणि मिळालेलं उत्तर बाहेर आणून देतो. तिनं प्रॉक्सीच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक मागणीपुढे 'यशस्वी' असा शेरा, आणि उत्तर मात्र रिकामं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तिनं अ‍ॅप्लिकेशन बंद करून पुन्हा चालू केलं. प्रॉक्सीही बंद करून चालू केला. पान कोरंच. अंधारात चाचपडण्यात वेळ चालला होता, आणि खाली धक्क्यावर इंजिनं गुरगुरायला लागली होती.

मग तिनं प्रॉक्सीला बाजूला ठेवलं आणि आतल्या अ‍ॅप्लिकेशनलाच थेट विचारलं.

उत्तर आलं. येतच राहिलं. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. प्रत्येक पट्ट्याचा इशारा, प्रत्येक तासाचा वारा, घराएवढ्या लाटा आणि पुढे त्याहून मोठ्या. ती नकळत खुर्चीतून उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत एवढं मोठं वादळ तिनं कधी वाचलं नव्हतं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि इथं अख्खा समुद्र उठून येत होता.

तिनं सासऱ्यांना फोन लावला. नवऱ्याला लावला. इंजिनांच्या आवाजात कोण उचलतंय! आता पानच बोललं तर काही होणार होतं.

प्रॉक्सीच्या चुकांची वेगळी नोंद असते, त्या एरर लॉगमध्ये शेवटी कारण सापडलं. छोटं उत्तर प्रॉक्सी हातोहात देतो. मोठं असलं की आधी एका फोल्डरमध्ये उतरवून घेतो, आणि मागच्या अपडेटनंतर त्या फोल्डरमध्ये लिहायची त्याची परवानगीच गेली होती. शांत दिवसांची छोटी उत्तरं सुखरूप पोचत होती, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. म्हणजे वादळ मोठं असलं की पान कोरं! परवानगी देणारी कमांड घाईत आधी चुकली, मग बरोबर लागली.

पान भरलं. तिनं पुन्हा फोन लावला, वाजत ठेवला, आणि एकदाचा सासऱ्यांनी उचलला.

"बाबा, पान उघडा."

"मघाशी बघितलं की."

"परत उघडा. माझ्यासाठी."

पलीकडे नुसती इंजिनं ऐकू येत होती. मग सासऱ्यांचा आवाज आला, तिनं कधी न ऐकलेला, बारीक. "सूनबाई, हे संपतच नाही गं."

फोन चालूच ठेवून ते ओरडत सुटले. एकेक इंजिन बंद होत गेलं. ती कान लावून मोजल्यासारखी ऐकत राहिली.

"बाबा, आणि हे?"

"त्यानं सगळ्यांच्या आधीच दोर सोडला होता. खाडीच्या तोंडाशी गेलाय. भोंगा देतोय मी."

भोंगा वाजला. पुन्हा वाजला. ती भिंतीला टेकली.

"वळला," सासरे म्हणाले. "वळला, पोरी."

संध्याकाळी समुद्र आला. आवाज आधी आला, मग पाणी. तिघं घराच्या खिडकीशी उभी होती. लाट धक्क्यावर चढली, खाडीच्या तोंडावरचा दिवा गिळून पुढे आली, आणि तो दिवा परत दिसलाच नाही. तिला भीती वाटली, पण भीतीहूनही मोठं काहीतरी तिच्या छातीत भरून राहिलं होतं. हे सगळं, एवढं सगळं, दुपारी तिच्या पडद्यावरून सरकत गेलं होतं.

नवऱ्यानं दिव्याच्याही पलीकडे, काळोखात बोट दाखवलं.

"मी आत्ता तिथं असतो," तो म्हणाला.