सासऱ्याचं नाव

माझं नाव उखर्डू. उकिरड्यावर टाकलेला, तो उखर्डू. माझ्या आधीचे दोन भाऊ, एक देवाच्या नावाचा आणि एक राजाच्या, बारशानंतर फार टिकले नाहीत. म्हणून मला जन्मल्याबरोबर दापोरा या आमच्या गावी, घरामागे उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि ओंजळभर ज्वारी घेऊन आईला परत विकलं. असल्या नावाकडे मरण ढुंकूनही पाहत नाही म्हणे. कॉलेजात शिकवताना मी सांगायचो, आपले लोक मरणाला सरकारी बाबू समजतात. कागदावरचं नाव पाहून परत जाईल. मुलं हसायची.

नातू दिवस भरण्याआधीच झाला. मुलानं त्याचं नाव, मुलगाच होणार असं धरून, त्याहून आधी ठरवून व्हॉट्सॲपवर सगळ्यांना कळवलं होतं. लांबलचक, संस्कृत, अर्थ मृत्यूला जिंकणारा. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता तो विजेता बुऱ्हाणपुरातल्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, नाकात नळी, आणि डॉक्टर म्हणत होते, काही सांगता येत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, पदरात ज्वारी बांधून दापोऱ्याहून आली. मुलगा चिडला. इथं हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि आत्या उकिरडा शोधतेय, म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"बाबा, तुम्ही तरी समजवा तिला. तुम्ही कुठं हे मानता?"

मानत नव्हतोच. पण मी बाकावरून उठून काचेपाशी गेलो.

"ते मोठं नाव नका घेऊ," मी म्हणालो. "माझं घ्या."

अक्कानं ज्वारी नर्सच्या ओंजळीत घातली. बाळ तिच्या ताब्यात, म्हणजे शेजारीण तीच. नर्सनं ती खिशात टाकली. आता हाक आईनंच मारायची, अक्का म्हणाली. सून थबकली. लग्न झाल्यापासून तिनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. बँकेत विचारलं तरी मोबाईलवर लिहून दाखवते. तिनं काचेवर हात टेकले.

"उखर्डू," ती पुटपुटली. "ए उखर्डू, घरी चल ना रे."

सवयीनं माझ्या ओठांवर ओ आली. मी ती गिळली. ओ त्यानं द्यायची होती. काचेआड ती एवढीशी छाती हलत होती. ती हलतेय तोवर कोणी काही बोलू नये, एवढंच मला वाटत होतं.