मागची धूळ उडत नव्हती

त्या उन्हाळ्यात मी दत्तमहाराजांवर रुसलो होतो. रुसलो म्हणणं सौम्यच झालं. मला त्यांचा संताप आला होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. बहारीनमध्ये एका कंत्राटी कंपनीच्या गॅरेजात मी डिझेल मेकॅनिक होतो. गाव सांगलीकडचं, घराणं पिढ्यान्‌पिढ्या नरसोबाच्या वाडीला जाणारं. कॅम्पमधल्या कपाटाच्या दाराला आतून दत्ताची तसबीर चिकटवली होती. आंघोळ झाली की दार उघडून हात जोडायचे, मगच डबा घेऊन बाहेर पडायचं, असा सहा वर्षांचा नेम. तो मी मोडला. कपाट उघडायचो, शर्ट काढायचो आणि दार आपटून लावायचो. इतकी वर्षं इमानाने राबणाऱ्या माणसाला चारचौघांत कामचुकार ठरवलं जातं आणि तुम्ही नुसते बघत बसता, मग कशाला जोडायचे हात?

कारण होतं एक गाडी. वाळूत चालणारी, डिझेलची, फोर-व्हील ड्राइव्ह. सकाळी एका चावीत सुरू व्हायची. साइटवर तासभर पळाली की मध्येच दम सोडायची, काळा धूर ओकायची आणि बंद पडायची. अर्धा तास गार झाली की पुन्हा ठणठणीत. गॅरेजात आणून उभी केली तर दिवसभर कुरकुर नाही. असा दोष मेकॅनिकला वेड लावतो. मी डिझेलचा फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, नोझल तपासून आणले, शेवटी पंप उतरवून तोही तपासून घेतला. सगळं ठीक. दोन दिवसांनी गाडी पुन्हा वाळूत उभी.

तेलाच्या टाक्यांच्या आवारात जाणाऱ्या गाड्यांना सायलेन्सरच्या शेवटी एक लोखंडी डबा लावावा लागे. आत जाळी आणि पत्रे. धुरातली ठिणगी बाहेर पडून भडका उडू नये म्हणून. मी फोरमनला एकदा म्हणालो, "साहेब, तो डबा उघडून बघू या का? काजळीने भरला असेल."

तो सगळ्यांसमोर हसला. "नवा डबा आहे. त्याच्या कागदावर माझी सही आहे. सील तोडलंस तर तुझा व्हिसा मी तोडीन. स्वतःची चूक लपवायला जागा शोधतोयस?"

पुढच्या आठवड्यात माझ्या हातात वॉर्निंग लेटर पडलं. कामात हलगर्जी. आणखी एक तक्रार आली की घरी. त्या कागदावर मला सही करायला लावली. सही केली आणि पेन टेबलावर आपटलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ती गाडी चालवायचा तो हमीद, केरळचा, मितभाषी माणूस. तो मला दोनदा म्हणाला होता, "भाई, पहले पीछे का आवाज मरता है, इंजिन बाद में." मी त्याला उडवून लावलं. तू गाडी चालव, इंजिनाचं मी बघतो. फोरमन माझं ऐकत नाही म्हणून मी जळत होतो आणि हमीदचं ऐकायला मला सवड नव्हती.

मग एक दिवस दोष प्रत्यक्ष पाहायचा म्हणून मी त्याच्या शेजारी बसून पश्चिम किनाऱ्याकडच्या साइटवर गेलो. ऑगस्टचं ऊन. दुपारी पाइप बसवणाऱ्यांपैकी सेल्वम नावाचा एक माणूस कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घाम नाही, बडबड असंबद्ध. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. उभी होती ती हीच गाडी. आम्ही त्याला मागच्या सीटवर आडवा केला, अंगावर पाणी ओतलं, ओली फडकी टाकली आणि सलमानियाच्या सरकारी हॉस्पिटलचा रस्ता धरला.

जनाबियाच्या जवळ, खजुराच्या बागांच्या भिंती लागतात तिथे, गाडीने दम सोडला. हमीदने कशीबशी कडेला घेतली. मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. डिझेल येतंय. लाइनमध्ये हवा अडकलेली नाही. हमीद चावी मारतोय, इंजिन दोन क्षण घरघरतंय आणि मरतंय. आत सेल्वमचं कण्हणंही थांबत आलेलं. रस्त्यावर एक गाडी दिसेना. मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातही शिव्याच होत्या. मी खरोखर मोठ्याने म्हणालो, "माझी नोकरी घ्यायची तर घ्या! याचा जीव कशाला घेता? आता माझ्या हातात काही नाही. तुम्हीच बघा!"

प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. भांडणच होतं ते. पण खरं सांगतो, ते बोलून झाल्यावर पहिल्यांदा माझं डोकं रिकामं झालं, आणि मागून कुणीतरी ओरडतंय हे मला ऐकू आलं.

भिंतीच्या सावलीत, जमिनीवर, एक म्हातारा बहारीनी बसला होता. गाडीच्या मागे सात-आठ हातांवर. बहुधा मघापासून ओरडत होता. हातातली काठी तो सायलेन्सरच्या डब्याकडे रोखत होता. "शूफ! शूफ! देखो! धूल मफी!" मफी म्हणजे नाही.

मी धावत मागे गेलो. हमीदला चावी मारायला सांगितली आणि म्हाताऱ्याशेजारी वाकून बघितलं. इंजिन घरघरलं. डब्याचं तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली बारीक वाळू, आणि त्या वाळूचा कणही हलत नव्हता. धूर बाहेर येतच नव्हता. इंजिनाचा श्वास कोंडला होता.

पाना घेतला, सेल्वमच्या अंगावरचं एक ओलं फडकं हाताला गुंडाळलं आणि क्लॅम्पचे बोल्ट सोडवले. तळहात भाजला, ते कळलंही नाही. लाथ मारून डबा पाडला. "मार चावी!" इंजिन असं गरजलं की बागेतले पक्षी उडाले. मी डबा उचलून गाडीत टाकला. म्हाताऱ्याने निघा म्हणून हात हलवला, "यल्ला, यल्ला!" त्याचे आभार मानायलाही मी थांबलो नाही.

सेल्वम वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या हाताला तिथेच मलम लावलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी तो डबा कापला. आतला एक पत्रा वेल्डमधून सुटला होता. तापला की कलंडून तोंड बंद करायचा, गार झाला की जागेवर बसायचा. जाळी काजळीने दगडासारखी झालेली. वरच्या चकचकीत रंगाखाली गंज. जुना डबा रंगवून नवा म्हणून लावला होता, आणि तो तेलाच्या टाक्यांमध्ये फिरत होता! आजही लिहिताना रक्त उसळतं. फोरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंपाचा दोष होता असं लिही. तुझं वॉर्निंग लेटर मी फाडतो."

पूर्वीचा मी असतो तर कदाचित लिहिलंही असतं. पण जनाबियाच्या रस्त्यावर नोकरी मी महाराजांच्या पायाशी टाकून आलो होतो. ती परत उचलायची इच्छा नव्हती. "नाही लिहिणार," म्हणालो आणि डब्याचे दोन्ही तुकडे थेट मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवले. सगळ्या गाड्यांचे डबे उघडले गेले. आणखी दोन तसेच निघाले. माझं लेटर रद्द झालं. फोरमनची बदली दुसऱ्या साइटवर झाली. शिक्षा म्हणावी असं त्याला काहीच झालं नाही, आणि माफी त्याने कधीच मागितली नाही. हमीदची माफी मात्र मी मागितली. तो लाजून हसला फक्त.

त्या म्हाताऱ्याला शोधायला सुट्टीचे दोन शुक्रवार गेले. तो राहायला अरादला, जनाबियात लेकीकडे आलेला. तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा, असं त्याच्या नातवाने सांगितलं. मी त्याचे हात धरले तेव्हा तो मोडक्या हिंदीत नातवाकडे बोट दाखवून म्हणाला, "इस को बोलो शुक्रिया! एक घंटा लेट आया. मैं उधर बैठ के इस को गाली देता था." आणि पोट धरून हसला.

नातू त्याला न्यायला वेळेवर आला असता तर त्या भिंतीपाशी कुणी नसतं. याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. अन्यायाचा राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडावासा वाटतही नाही. पण तो राग माझ्या कानांत भरला होता, तेवढा महाराजांनी काढला. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मी समजत होतो. त्या दुपारी मी ओरडूनच शरण गेलो आणि तेही त्यांनी मानून घेतलं. एवढी मोठी कृपा माझ्यासारख्या भांडखोरावर झाली, याचं आजही नवल वाटतं, आणि डोळे भरून येतात.