पोत्याखालची छाती

वाळूचं पोतं छातीवर ठेवलं आणि मी मुतलो.

रविवार होता. लातूरच्या आमच्या भरती अकॅडमीत रविवारी आईबाप भेटायला यायचे. लिंबाच्या सावलीत बसून डबे सोडायचे. त्यांच्यासमोर मैदानात आम्ही सहाजण उताणे पडलेलो. ज्यांची छाती फुगत नव्हती त्यांच्यासाठी हा खास व्यायाम. त्याला 'दाब' म्हणायचे. पोत्याखाली श्वास ओढायचा, पोतं वर उचलायचं. शंभर वेळा.

माझी पँट भिजली. खाली मातीत डाग पसरला. सर आले. बुटाच्या टोकानं डाग दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"ह्यांच्या छात्या मोर्च्यातच फुगतात. इथं पाणी होतंय."

लोक हसले. सगळे नसतील हसले. खाली पडलेल्याला सगळेच हसल्यासारखं वाटतं. माझी आई त्यांच्यातच बसली होती. तिनं डब्याचं झाकण परत लावलं.

'ह्यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही. रजिस्टरात नावापुढं जात होती. माझा बाप निळ्या झेंड्याखाली पत्रकं वाटायचा. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकलो. 'अननस' लिहिण्याआधी मला 'अन्याय' लिहिता यायचा. आणि तरी मी त्या दिवशी काही बोललो नाही. ओली पँट घेऊन उठलो आणि नळावर गेलो.

का मुतलो, ते सांगतो. मी सात वर्षांचा असताना भूकंप झाला. आमचं घर पत्र्याचं. पत्रा पडला असता तर खरचटलं असतं. पण पाठीमागं गावातल्या मोठ्या घराची दगडमातीची भिंत होती, दोन हात जाड. ती आमच्यावर आली. दुपारपर्यंत मी तिच्याखाली होतो. श्वास सोडला की माती तेवढी खाली बसायची. पुढचा श्वास आणखी लहान. तेव्हापासून मला श्वास पूर्ण सोडायची भीती वाटते. सोडला तर परत घेता येणार नाही, असं वाटतं.

आणि पोलीस भरतीत नेमकं तेच मोजतात. न फुगवता छाती एकोणऐंशी सेंटीमीटर हवी. फुगवून आणखी पाच. पहिल्या दिवशी माझी सत्त्याहत्तर भरली. सर म्हणाले, काळजी नको. फाटकावर पाटीच होती: साठ दिवसांत छाती, साठ दिवसांत वर्दी. लातुरात तेव्हा सगळ्याचीच हमी मिळायची. डॉक्टर व्हायची, इंजिनिअर व्हायची. गल्लीगल्लीत क्लास. आम्हाला वाटलं, शरीर म्हणजेही सिलॅबस. ठरल्या दिवसांत संपतो.

तिसाव्या दिवशी परत माप झालं. सगळ्यांची छाती वाढलेली. माझीही ऐंशी. फळ्यावर माझ्या नावासमोर ऐंशी बघून मी गावात फोन केला होता. फक्त फुगवून दोनच वाढायची. म्हणून दाब.

त्या रविवारनंतर माझ्या शेजारी झोपणारा रऊफ माझ्याशी हळू आवाजात बोलला. तो मुरुडचा. त्याचे अब्बा टेलर.

"सरांची टेप बघितली का बे? पुढून कापलेली हाय. तीनपासून सुरू हुतीय. असल्या टेपनं अब्बांनी शर्ट शिवला तर गिऱ्हाईक तोंडावर मारंल."

मला समजायला वेळ लागला. पहिल्या दिवशी चांगली टेप. तिसाव्या दिवशी ही. वाढलेले तीन सेंटीमीटर आमच्या छातीत नव्हते. टेपच्या कापलेल्या तुकड्यात होते.

राग आला असं लिहायला मला आवडलं असतं. राग नाही आला. मी होतो तिथंच होतो. भरती जवळ आली होती. आणि पुढच्या रविवारी परत पोतं. रऊफला म्हणालो, सगळ्यांना सांगू. तो म्हणाला, "माझी बी खोटीच हाय. पण अब्बांना काय सांगू?" आम्ही कुणालाच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी रऊफनं माझ्या खिशात अब्बांकडून मागवलेली टेप घातली.

दाबासाठी माझं नाव पुकारलं. मी उभाच राहिलो. पाय इतके लटलट कापत होते की सरांनाही दिसले.

"बघा, भूकंप आलाय."

पुन्हा हसू. पण लिंबाखालच्या दोन म्हाताऱ्या हसल्या नाहीत. त्या आमच्याच भूकंपाच्या पट्ट्यातल्या होत्या.

मी म्हणालो, "मी झोपणार न्हाई. आधी माझी छाती मोजा. ह्या टेपनं."

सर म्हणाले, टेप खाली ठेव. मी ठेवली नाही. तेव्हा माझी आई उठली. मैदानात चालत आली. तिला आकडे वाचता येत नाहीत. तिनं माझ्या हातातून टेप घेतली, माझ्या छातीभोवती गुंडाळली आणि एका पोराच्या बापाला म्हणाली, "दादा, वाचा की जरा."

"सत्त्याहत्तर."

त्यानं फळ्याकडं बघितलं. ऐंशी. मग आपल्या पोराला पुढं ढकललं. "ह्याचीबी मोजा."

त्याचीही तीननं कमी निघाली.

तासाभरात माझी बॅग फाटकाबाहेर होती. कुणी अडवलं नाही. तो वाचणारा बापही आपल्या पोराला तिथंच ठेवून गेला. सगळ्यांना साठ दिवसच हवे होते. रऊफही राहिला. मी त्याला दोष देत नाही.

मी गावी आलो. भूकंपानंतर वसवलेल्या पुनर्वसनाच्या गावातल्या सरळ रस्त्यावर रोज पहाटे पळायचो आणि श्वास सोडायला शिकायचो. पूर्ण सोडायचा. मरत नाही, हे बघायचं. परत सोडायचा. वर्षानं माझी छाती साडेअठ्ठ्याहत्तर झाली. दीड सेंटीमीटर. वर्षभरात. भरतीच्या मैदानात मापातच बाद झालो. अर्ध्या सेंटीमीटरनं. पण ते माप माझं होतं.

आता नवी बॅच भरायच्या दिवसांत मी त्या फाटकासमोर उभा राहतो. गळ्यात टेप, हातात पत्रकं. मीच लिहिलेली. 'शरीर हळू बदलतं. वर्ष लागतं, आणि वर्षानंतरही हमी नसते. साठ दिवसांचा शब्द देणाऱ्याची टेप आधी तपासा.' सरांच्या हाताखालच्या पोरांनी दोनदा पत्रकं फाडली. तिसऱ्यांदा हात तोडू म्हणाले. ते तोडतीलही. मी घाबरतो. फाटक उघडलं की आजही माझा श्वास लहान होतो.

मग मी तो पूर्ण सोडतो. आणि आत निघालेल्या पहिल्या पोराच्या हातात टेप देतो.

"टोक बघ. शून्यापासून हाय का बघ."