ठोकेमिस्त्री आणि अण्णांची घरगाडी

ठोकेमिस्त्रींच्या हातात कायम एक छोटी हातोडी असायची. अंगणात पाऊल टाकलं की आधी फाटक ठोकून बघायचे, मग पाण्याचा रांजण, मग ज्या खुर्चीवर बसायचं तिचा पाय, आणि या सगळ्यांची चौकशी झाल्यावर माणसाची: "काय अण्णा, बरा हाय ना?" एकदा आमच्या पाहुण्यांनी आणलेलं कलिंगड त्यांनी न विचारता ठोकलं आणि "आतून गेलाय" म्हणून मोकळे झाले. पाहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. कापलं तर खरंच गेलेलं! मुरबाडात त्यांना सगळे ठोकेमिस्त्रीच म्हणायचे. खरं नाव मी सांगणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

घरगाडी म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, जुनी मिनीबस. तरुणपणी अण्णा जत्रांमधून चष्मे विकायचे. बसमधली बाकडी काढून त्यांनी आत झोपायला दोन फळ्या, स्टोव्हपुरता ओटा आणि मागे वर उघडणारी झडप करून घेतली होती. झडप उघडली की दुकान, पाडली की घर. म्हसाच्या पौषातल्या जत्रेत बैल घ्यायला आलेले म्हातारे अण्णांचा चष्मा लावूनच बैलाचे दात बघायला जायचे, हे अण्णा मरेपर्यंत सांगत होते. धंदा बंद झाला आणि गाडी आटगावच्या आमच्या अंगणात वीसेक वर्षं गंजत पडली. मी कल्याणची नोकरी संपवून घरी परतले तेव्हा अण्णा पंच्याऐंशीचे होते. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं. "एकदा घरगाडीतून म्हसाला ने. झडप उघडून बसतो थोडा वेळ."

म्हणून मिस्त्री आले. गाड्यांच्या बॉड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. पहिल्या दिवशी त्यांनी अख्खी घरगाडी ठोकली, प्रत्येक ठोक्याला पत्र्याला कान लावून. मग गोणपाट अंथरून एकटेच खाली शिरले. बराच वेळ खालून नुसता ठोकण्याचा आवाज येत होता. बाहेर आले, तोंड पुसलं, खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे बघितलं आणि म्हणाले, "खणखणीत हाय. होईल." अण्णांनी टाळी वाजवली हो! पंच्याऐंशीव्या वर्षी, लहान पोरासारखी.

मिस्त्री रोज यायचे, चहा घ्यायचे आणि मला शिकवायचे. "लोखंड बोलतंय, ताई. चांगला असला तर वाजतंय, सडला असला तर गप र्‍हातंय." मला डोळे मिटायला लावून पत्रा ठोकायचे आणि विचारायचे, "सांगा, कसा हाय?" चार-सहा महिन्यांत मला गंज कानाने कळायला लागला. फक्त गाडीखाली जाऊ द्यायचे नाहीत. "खाली तुमी यायचा नाय. साडी खराब व्हल." मी बाराही महिने पंजाबी ड्रेस घालते. पण तेव्हा मला त्याचं हसू आलं, संशय नाही आला.

काम मात्र असं, की बघत राहावं. झडपेच्या बिजागऱ्या त्यांनी घरी घडवल्या. फळ्या तासून इतक्या गुळगुळीत केल्या की अण्णा दुपारी तिथेच झोपायला लागले. बाहेर पुसट झालेली 'चष्मे' ही अक्षरं त्यांनी जुन्या वळणावरच पुन्हा रंगवली, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

पहिल्या पौषात अण्णा काठी टेकत चालत होते. शेजारच्या जनूची रिक्षा होती, तो म्हणाला, "आक्का, मी नेतो ना म्हसाला, त्यात काय!" मी तयार झाले. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "रिक्षातनं काय जायचा अण्णा? पुढच्या पौषाला घरगाडीतनंच नेतो." अण्णांनी लगेच मान डोलावली. आम्ही थांबलो. पुढच्या पौषात अण्णांना घराच्या ओट्यावरून उतरवायला दोन माणसं लागत होती आणि मिस्त्री म्हणाले, इंजिनाचं थोडं राहिलंय. त्यानंतरच्या नवरात्रात अण्णा गेले.

तेराव्याला मिस्त्री आले, पानावर बसले, आणि परत आलेच नाहीत. हातोडीसुद्धा गाडीतच राहिली. मला वाटलं, अण्णांची खुर्ची रिकामी बघवत नसेल. पौष आला तसं मी ठरवलं, निदान अण्णांचा फोटो तरी घरगाडीतून म्हसाला न्यायचा. इंजिनाचं काय राहिलंय ते बघून गाडी न्यायला वाशिंदहून एक ड्रायव्हर बोलावला. त्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "म्याडम, ही फाटकाबाहेर काढली तर मधोमध मोडून खाली बसेल." मी त्याच्यावर अशी उखडले! म्हटलं, ठोकेमिस्त्रींनी तपासलेली गाडी आहे, तू कालचा पोरगा मला काय सांगतोस? तो बिचारा निघून गेला.

मग मी गोणपाट अंथरलं आणि मिस्त्रींचीच हातोडी घेऊन खाली शिरले. अख्खी गाडी ज्या लोखंडी सांगाड्यावर उभी असते, त्याच्या लांब पट्टीवर ठोकलं. गप. पुढे ठोकलं. गप. तिसऱ्या ठोक्याला रंगवलेल्या पुट्टीचा पोपडा माझ्या तोंडावर पडला आणि मागून गंजाचा भुगा. त्यांनीच शिकवलेल्या कानाने मला त्यांचं खोटं ऐकू आलं.

मी तडक मुरबाडला गेले. मिस्त्री ओटीवर शेंगा सोलत होते. हातोडी समोर ठेवली तेव्हा त्यांना सगळं कळलं.

"पयल्याच दिवशी समजला व्हता," ते म्हणाले. "अण्णा समोर बसलेले. नाय म्हणवला नाय, ताई. मंग रोज यायची सवय झाली. माझा कामाचा शेड बंद झालेला. मला तरी कुठं जागा व्हती?"

"अण्णांना माहीत होतं?"

"नाय. त्यांना ठावा नव्हता."

"पहिल्या वर्षी अण्णा चालत होते, मिस्त्री. जनू रिक्षा घेऊन दारात उभा होता. तुम्ही थांबवलंत." मी रडले, नको नको ते बोलले, आणि चहा न घेता निघाले. एखाद्या लबाडाने फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण या माणसाने माझ्या वडिलांवर माया केली आणि त्याच मायेने त्यांची जत्रा बुडवली, त्याचं मी काय करू?

घरगाडी अंगणातच आहे. दुपारी मी त्या फळीवर पडते, झोप छान लागते. बाजारात मडकं घेताना, दार लावताना, माझं बोट आपोआप ठोकून बघतं. ही सवय गेली असती तर बरं झालं असतं.

यंदा जनूच्या रिक्षातून अण्णांचा फोटो घेऊन म्हसाला गेले. म्हसोबाला नारळ वाढवला आणि बैलबाजाराच्या कडेला, जिथे अण्णांची झडप उघडायची, तिथे थोडा वेळ उभी राहिले. पलीकडे तवे-कढयांच्या दुकानात मिस्त्री बसले होते. बरेच थकलेले. गिऱ्हाइकाला प्रत्येक तवा ठोकून, ऐकवून देत होते आणि बायका डोळे झाकून विकत घेत होत्या. मला बघून त्यांनी ढिगातून एक तवा निवडला, ठोकला आणि पुढे केला. "घ्या ताई. खणखणीत हाय."

मी हात पुढे केला, तवा घेण्यासाठी नव्हे, हातोडीसाठी. त्यांनी ती दिली आणि मान खाली घातली. मी स्वतः ठोकलं. तवा देवळातल्या घंटेसारखा वाजला. मी हातोडी परत दिली, तवा ढिगावर ठेवला आणि जनूच्या रिक्षात जाऊन बसले.