पाठीवरचा सिनेमा

"तुम्ही तो पाठीवरचा सिनेमा पाहिलात का?"

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात नव्याने बदलून आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला आमच्या खालच्या क्वार्टरमधले काका आधी हे विचारायचे. गाव कुठलं, मिनिस्ट्री कुठली, हे सगळं नंतर. समोरचा गोंधळून "नाही" म्हणाला की "अच्छा, अच्छा" म्हणत दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि चालू लागायचे. माझ्या बायकोला ते सुरुवातीला चक्रम वाटले. मलाही वाटले होते, पण मी बोलून दाखवलं नाही, कारण ऑफिसात माझी रजा त्यांच्याच सहीने मंजूर व्हायची.

रविवारी दुपारी टीव्हीवर निरनिराळ्या भाषांतले सिनेमे लागायचे, तेव्हाची ही गोष्ट. तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलेत त्यांना ठाऊक असेल, त्यात एक म्हातारी, एक विहीर आणि पोटभर शांतता असायची. हाही तसलाच होता. भाषा कुणालाच कळत नव्हती. एक गरीब माणूस आपल्या लुळ्या भावाला पाठीवर घेऊन डोंगरावरच्या देवाकडे निघतो. दोन तास तो नुसता चढतो. देव भावाला बरं करत नाही. मग तो माणूस भावाला देवळाच्या पायरीवर टेकवतो, एकटाच उठून उभा राहतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.

काकांच्या घरी ब्लॉकमधली आम्ही आठ-दहा माणसं जमलो होतो. लाइट आली तेव्हा पडद्यावर बातम्या चालू होत्या. "आर्ट फिल्मला शेवट असतोच कुठे," असं म्हणत मंडळी पत्ते कुटायला गेली. काका मात्र बातम्यांकडे बघत तसेच बसले. शेवटी मला म्हणाले, "तो भावाला परत नेतो, की तिथेच सोडतो रे?"

"काय फरक पडतो काका?" मी म्हणालो. माझं वय तेव्हा असंच बोलायचं होतं.

फरक त्यांच्या मागेच, भिंतीला टेकून बसला होता. त्यांचा मुलगा बाळ. नाव बाळ, वय तिशीचं. त्याची दाढीसुद्धा काकाच करून द्यायचे. कॉलेजात असताना त्याचं मन बिघडलं आणि पुढे बोलणंही आटत गेलं. काकूंनी डॉक्टर केले, अंगारेधुपारे केले, नवस केले, आणि एका थंडीत न्यूमोनियाने त्याच गेल्या. त्यानंतर काकांनी देव्हाऱ्यातले देव वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. "आपण त्यांचं काय कमी केलं होतं?" एवढंच म्हणाले.

आता त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती. क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि नातेवाइकांनी बाळचं नाव निघताच विषय बदलायला सुरुवात केली होती. पानिपताच्या पुढे अशा माणसांना जन्मभर सांभाळणारी एक संस्था होती. तिथे बाळला जागा मिळत होती. काकांनी फक्त हो म्हणायचं राहिलं होतं. "मराठी माणसाचं पानिपतापुढे कधी भलं झालंय का, तूच सांग," असं म्हणून ते हसायचे. हसणं संपायच्या आत पुन्हा तोच प्रश्न. खालच्या कोर्टात हरलेला माणूस जसा वरच्या कोर्टाच्या निकालाकडे डोळे लावून बसतो, तसे ते त्या सिनेमाच्या शेवटाकडे डोळे लावून बसले होते. मला त्यांची दया यायची आणि, खरं सांगायचं तर, थोडा वैतागही.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका बंगाली मित्राने मंडी हाऊसजवळच्या फिल्म सोसायटीचे दोन पास दिले. सिनेमा तोच होता. बाळला बायकोने मटार सोलायला बसवून घेतलं (तो एक दाणा भांड्यात टाकायचा आणि दोन तोंडात), आणि मी काकांना घेऊन गेलो. ते कोट घालून आले होते.

तो माणूस भावाला सोडून जातो. मागे न बघता डोंगर उतरू लागतो. कॅमेरा त्याच्या पाठीवरून हलत नाही. पाठीवर कुणी नाही, पण ती सरळ होत नाही. तो ओणवाच चालतो, हात मागे नेऊन काहीतरी सावरत असल्यासारखा. तसाच लहान लहान होत जातो आणि सिनेमा संपतो. माझ्या शेजारी काका आवाज न करता रडत होते. मी त्यांना रुमाल दिला. दुसरं काय देणार?

बसस्टॉपवर त्यांनी रुमालाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाले, "बघितलंस? ओझं गेलं तरी वाकलेलाच."

"हो ना."

"बाळची आई गेल्यापासून मी देवावर रुसून बसलोय. वाटायचं, आम्हाला टाकून गेला, हात झटकून. हात झटकून नाही गेला यार. त्यालाही पेललं नसेल. आपल्याला पायरीवर उतरवून तोही असाच वाकून चालला असेल कुठेतरी."

मला त्या पडद्यावर देव दिसला नव्हता. पण त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की मी वाद घातला नाही. मी भीतभीत विचारलं, "मग बाळला तिकडे ठेवणार?"

"छे. तो देव आहे, त्याला जमलं. मला नाही जमायचं."

त्या रविवारी त्यांनी देव माळ्यावरून काढले, चिंचेने घासले आणि पुन्हा मांडले.

इथे ही हकिकत संपली असती तर मला बरं वाटलं असतं. रिटायर झाल्यावर ते बाळला घेऊन गुडगावला दोन खोल्यांत राहायला गेले. आता तिथे टॉवर उभे आहेत, तेव्हा मोहरीची शेतं होती. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. "बिल्कुल मजेत," असं ते दारातच सांगायचे. पण बाळ आता घराबाहेर पळू लागला होता, म्हणून झोपताना ते आपलं मनगट त्याच्या मनगटाला धोतराच्या पट्टीने बांधून घ्यायचे. एकदा त्यांचा डोळा काळानिळा दिसला. म्हणाले, "दार लागलं." एकदा चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज देवाला सांगतो, ह्याला माझ्या आधी ने. बाप असं मागतो का रे?"

देवाने ऐकलं नाही. काकाच आधी गेले, एका सकाळी, हार्टने. तेराव्याला आलेले नातेवाईक जेवून गेले. बाळला न्या, असं मी कुणाला म्हणालो नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आमच्या घरात दोन खोल्या, दोन मुली आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई. बायको रात्रभर रडली आणि सकाळी तिनेच बाळची बॅग भरली. पानिपताच्या पुढच्या त्या संस्थेत आम्ही त्याला टॅक्सीने घेऊन गेलो.

बाळ आरडाओरडा करेल, मला धरून बसेल, अशी मनाची तयारी करून मी गेलो होतो. तसं काहीच झालं नाही. गाडीतून उतरून तो बॅग घेऊन सरळ आत गेला आणि कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसला. म्हातारा चौकीदार त्याला बघून उठला. "आइए बाळ बाबू. साहब नहीं आए?"

काका गेल्याचं मी सांगितलं. तो कपाळाला हात लावून खाली बसला.

"तुम इसको जानते हो?" मी विचारलं.

"क्यों नहीं जानेंगे साहब? हर साल लाते थे. सामान बाँध के लाते थे, छोड़ने के वास्ते. यहीं बैठते, दोनों चाय पीते. फिर कहते, चलो, अगले साल देखेंगे. और वापस ले जाते."

बायकोने माझा दंड धरला. एवढ्यात आतून एक बाई बाळसाठी चहा घेऊन आली. त्याने तो फुंकून फुंकून, सावकाश प्यायला. मग कप बाकावर ठेवला, आपली बॅग उचलली आणि आमच्या टॅक्सीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.