पंच्याऐंशी किलोंचा बोर्ड

हे लिहायला घेतलं खरं, पण आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील बोटीवर मोटरमन, आई गुहागरजवळच्या शाळेत मुलांचं जेवण शिजवते. एखाद्या माणसाबद्दल लिहावं आणि ते चारचौघांना वाचायला द्यावं, असं आमच्यात कुणी केलेलं नाही. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहितोय ते वयाने कितीतरी मोठे, वडिलांचे साहेब. त्यांना विचारलेलंही नाही, म्हणून नाव लिहीत नाही. कुठे कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

दार उघडल्यावर ते कधी कुणाच्या चेहऱ्याकडे आधी पाहत नसत. नजर बुटांपासून सुरू व्हायची आणि सावकाश वर यायची. मग उजवा तळहात वर करून, हवेतलं काहीतरी तोलल्यासारखा हलवून ते विचारत, "वजन?"

शिकायला सिंगापूरला आलो आणि सेम्बावांगच्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या हातात दोन बॅगा आणि आईने दिलेले कोकम होते. मला वाटलं, बॅगांचं विचारताहेत. म्हणालो, "तेवीस-तेवीस किलो, साहेब."

"बॅगांचं नाही रे. तुझं."

चपलांच्या रॅकशेजारी वजनकाटा होता. मी त्यावर उभा राहिलो. शहाऐंशी भरलं. साहेबांचा चेहरा असा उजळला की मला उगाच आपण काहीतरी मिळवल्यासारखं वाटलं. मग ते हळहळून म्हणाले, "आणि हे सगळं वर्गात बसून वाया जाणार."

आतून काकूंचा आवाज आला, "त्याला आत तरी येऊ द्या. का गोदीतच ठेवणार आहात?"

साहेब चीफ इंजिनीअर होते. माझ्या वडिलांनी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, म्हणून तर मला त्यांच्या घरात राहायला खोली मिळाली. सगळा जन्म इंजिनरूमच्या उकाड्यात गेलेला. पुढे कंपनीने किनाऱ्यावर आणलं, आणि मग पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांचं वजन उतरत गेलं. मी आलो तेव्हा ते एकसष्टवर होते. शर्ट सगळे जुनेच, त्यामुळे ते चालायला लागले की आधी शर्ट वळायचा आणि मागून साहेब.

डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडं थोडं पण सारखं खा, नाहीतर पुढचं कठीण आहे. साहेब दोन घास खाऊन ताट सरकवत. काकूंनी पुरणपोळीपासून नूडल्सपर्यंत सगळं करून पाहिलं होतं. एकदा त्यांनी केलेली खीर साहेबांनी चमचाभर चाखली आणि म्हणाले, "गुणवत्ता उत्तम. गरज नाही." काकूंनी ती वाटी उचलून माझ्यापुढे ठेवली. त्या घरात माझं वजन का वाढलं हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता बर्फाचं सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांची बोट जपानमधल्या होक्काइदोच्या एका बंदरात लागली होती. जनरेटरचं काम उरकून ते डेकवर हवा खायला आले, तर समोरच्या टेकडीवरून एक माणूस खाली येत होता. पायाखाली एकच फळी. पण तो घसरत नव्हता, असं साहेब दर वेळी सांगत. "घसरतात ती पोरं. हा कापत होता. लेथवर टर्निंग करावं तशी. अंग असं आडवं, हात बर्फाला लागेल इतकं. आणि मागे एक बारीक रेघ, इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुठे तुटलेली नाही." हे सांगताना ते डायनिंग टेबलावर बोटाने रेघ काढत. काकू टेबल पुसत असल्या तर रेघेपुरतं थांबत आणि मग पुसत.

ऑपरेशननंतर त्यांनी ठरवलं की ती रेघ एकदा आपण काढायची. जुना सहकारी तिकडे स्थायिक होता, तो सोबत करायला तयार होता. डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर आधी हसले आणि मग साहेब हसत नाहीत हे पाहून म्हणाले, "सत्तर किलोंच्या वर या, मग प्रवासाचं बोलू."

साहेबांनी त्यातलं सत्तर किलो सोडून बाकी सगळं ऐकलं आणि बोर्ड शोधायला लागले.

मला यातलं काहीच कळत नव्हतं, त्यांनीच शिकवलं. नेहमीचा स्नोबोर्ड रुंद आणि मऊ असतो. कापायचा बोर्ड लांब, अरुंद आणि कडक, पायात बूटही कडक. त्याला एका कडेवर झुकवून त्यावर भार टाकला की तो धनुष्यासारखा वाकतो, आणि वाकला की त्याची पोलादी कड बर्फात कमान कापते. सगळी मेख वाकण्यात. प्रत्येक बोर्ड ठरावीक वजनाच्या माणसासाठी बनवलेला असतो. माणूस जड असेल तर बोर्ड दबून जातो. हलका असेल तर वाकतच नाही, सरळ निघतो.

"म्हणून पहिला प्रश्न वजन," साहेब म्हणाले. "रंग नंतर."

बुकित तिमाहच्या एका काँडोमध्ये एक तरुण आपला जुना बोर्ड विकत होता. साहेब मला घेऊन गेले. त्यांनी तो बोर्ड लादीवर ठेवला आणि स्वतः लादीवर आडवे झाले. मधला भाग जमिनीपासून किती उचललेला आहे, म्हणजे जुना होऊन तो बसला तर नाही, हे पाहायला. मग टॉर्च लावून कडांचा गंज पाहिला. शेवटी टोकापासून टोकापर्यंत बोटाच्या पेराने ठोकत गेले, आतले थर सुटले असले तर आवाज पोकळ येतो म्हणून. त्या तरुणाची आई चहा घेऊन आली आणि जमिनीवर पडलेल्या साहेबांना ओलांडून परत गेली.

"अंकल, धिस वन फॉर एटी टू नाइंटी फाइव्ह केजी," तरुण म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "फॉर यू, राइट?"

"फॉर मी," साहेब खालून म्हणाले.

"अंकल हाऊ हेवी?"

"एटी फाइव्ह."

तरुणाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माशांच्या टाकीकडे पाहत राहिलो. "कॅन, लाह," चालेल अशा अर्थाने तो शेवटी म्हणाला, पण आवाजात खात्री नव्हती.

परतीच्या टॅक्सीत बोर्ड डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत आमच्या दोघांच्या मधून गेला होता. साहेब त्याच्या पलीकडून दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. मी धीर करून म्हणालो, "साहेब, पण तुमचं वजन..."

"पंच्याऐंशीच आहे माझं. सगळी नोकरी पंच्याऐंशीवर केली. सध्या रिकामा धावतोय, एवढंच." मग बोटीवरच्या शिकाऊ पोराला मारावी तशी हाक आली. "कॅडेट, जहाज रिकामं चाललंय म्हणून कुणी प्रोपेलर बदलतं का? तळाच्या टाक्यांत बॅलास्टचं पाणी भरतात. जहाज आपोआप खाली बसतं."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "अंकल, सिंगापूर नो स्नो, लेह."

"आय नो," साहेब म्हणाले. "हाऊ मच डू यू वे?"

घरी काकूंनी दार उघडलं, बोर्ड वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "शिसं वितळेल अशा गर्मीत जन्म घालवला, आणि आता हे. ठेवणार कुठे? माझ्या बाजूला झोपवणार का त्याला?"

"उभा राहील तो. त्याला झोपवायचं नसतं, कॅम्बर जातो, मधला बाक."

तो बेडरूममध्ये कपाटाला टेकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पोहे केले. साहेबांनी बशी संपवली आणि पुढे केली. "अजून."

काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. मी तिथे बसलो होतो. मला वाटलं काकूंना बरं वाटत नाहीये. मग त्यांनी पोहे वाढले, त्यावर खोबरं जरा जास्तच पडलं, आणि त्या लगबगीने आत गेल्या.

तेव्हापासून साहेब जेवत नव्हते, बॅलास्ट घेत होते. बोटीवर जशा वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, असतात तशा त्यांनी खाण्याच्या वॉच ठरवल्या. पोट लहान झालेलं, त्यामुळे एका वेळी थोडंच जायचं, पण वॉच चुकली नाही. दहीभात, उकडलेली अंडी, हॉकर सेंटरच्या ठेल्यावरचा, नारळाचा जाम लावलेला जाड काया टोस्ट, केळी. कधीकधी घाम फुटायचा, डोळे मिटून बसून राहायचे. मी म्हणालो, "साहेब, राहू द्या." ते डोळे न उघडता म्हणाले, "पंप हळू चालव म्हणतोस? हळूच चालवतोय." आणि पुढचा घास घेतला. काटा मात्र फार सावकाश हलत होता.

म्हणून की काय, एका रविवारी त्यांनी तांदळाच्या पिशव्या काढल्या. वजन पूर्ण असलं की बोर्ड कसा वागतो ते आधी पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. ब्लॉकमागे गवताचा एक उतार आहे. नुकताच पाऊस पडून गेला होता. काकूंनी जुन्या साडीने दोन पिशव्या पुढे आणि दोन मागे बांधल्या, बाळाला झोळीत बांधावं तशा. कडक बूट घालून, बोर्डाला अडकून, साहेब उताराच्या माथ्यावर उभे राहिले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला छत्री घेऊन काकू.

"सोडा," साहेब म्हणाले.

आम्ही सोडलं. काही झालं नाही. बोर्ड ओल्या मातीत रुतला आणि साहेब, तांदळासकट, ताठ उभे राहिले. पुतळ्यासारखे.

बाजारातून परतणाऱ्या शेजारच्या आजी थांबल्या. "अंकल, यू ओके अर? व्हाय यू कॅरी राइस?"

"टू बी हेवी," साहेब म्हणाले.

आजींनी विचार केला आणि मान डोलावली. "टू स्किनी, लाह. बेटर यू ईट." त्या निघून गेल्या.

"त्या बाईला अक्कल आहे," काकू म्हणाल्या.

साहेब मात्र खुशीत होते. "ट्रिम बरोबर आहे. ना पुढे झुकलो, ना मागे. फक्त बर्फ नाही."

त्या सगळ्याचं मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. पंच्याऐंशी काही होणार नाही हे काटा रोज सांगत होता. म्हणून मी गुपचूप शोधत राहिलो, आणि सेरंगूनला एक बोर्ड सापडला. तसाच, कापायचा, पण साठ ते सत्तर किलोंच्या माणसासाठी. कडा चांगल्या, थर सुटलेले नाहीत. मी विकणाऱ्याशी बोलून ठेवलं. आपण साहेबांसाठी पहिल्यांदाच काहीतरी करतोय म्हणून मला फार आनंद झाला होता. घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन काकूंना सांगितलं.

काकू कणीक मळत होत्या. "त्यांना बोललास?"

"नाही, अजून नाही."

"मग बोलू नकोस."

"पण काकू, तो त्यांच्या वजनाचा आहे. त्यावर त्यांना खरंच वळता येईल."

काकूंनी हात धुतले नाहीत, तसाच पिठाचा हात माझ्या दंडावर ठेवला. "बाळा, आहे त्या वजनाचा बोर्ड मिळाला तर ते आहे त्या वजनावर थांबतील." आणि मग हलक्या आवाजात, "मी इतकी वर्षं रांधतेय. माझ्यासाठी दोन घास जास्त गेले नाहीत. त्या फळीसाठी जाताहेत. जाऊ देत."

मी खोलीत जाऊन सेरंगूनच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

जेवताना साहेबांनी भात कालवता कालवता एकदम विचारलं, "कॅडेट, तू सारखा त्या फोनवर बोर्ड बघत असतोस. हलका एखादा कुठे दिसतो का रे?"

काकू आमटी वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "सगळे जडच आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग माझ्या दंडावरच्या पिठाच्या बोटांकडे. "असेल, असेल," ते म्हणाले. "मार्केटच तसं आहे." आणि ताट पुढे केलं. "थोडा भात वाढा."

पुढे माझं शिक्षण संपलं. नोकरी लागली आणि मी मित्रांबरोबर सेरंगूनला राहायला गेलो. निघताना पाया पडलो तर म्हणाले, "ते नंतर. आधी काट्यावर." माझं वजन मागच्या खेपेपेक्षा दोन किलो कमी भरलं. ते बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "जपून राहा. उतरायला लागलं की लक्षात येत नाही."

कामाच्या गडबडीत माझं जाणं कमी झालं. फोन केला की काकू एवढंच सांगायच्या, "वॉच चालू आहे." एकदा "अडुसष्ट" म्हणाल्या. नंतर मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटायची.

गेल्या फेब्रुवारीत मी ऑफिसच्या कँटीनमध्ये असताना काकूंचा एक फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे पांढरा उतार, आणि वरपासून खालपर्यंत एकच रेघ. कुठेही न वळलेली, फूटपट्टी लावून ओढावी तशी सरळ. ती खाली जिथे संपत होती तिथे नारिंगी जाळी होती, आणि ती मधोमध पलीकडे फुगलेली होती. माणूस कुठेच दिसत नव्हता. मी तो फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा शोधला. हातातला चमचा केव्हा खाली ठेवला ते कळलं नाही.

मग काकूंचा आवाज आला, व्हॉइस मेसेजमध्ये. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी जपानीत बोलत होतं.

"अरे, फोटो आधी गेला वाटतं. घाबरू नकोस. हाडं शाबूत आहेत, नाक तेवढं सोललंय. निघताना वजन एकाहत्तर भरलं, डॉक्टरांनी स्वतः दोनदा पाहिलं. पण ती फळी कसली वाकतेय. सरळ जाळीत. काढायला तिघं लागले. आता म्हणताहेत, चौदा किलो कमी पडले, पुढच्या वर्षी बघू. समोर भाताचा मोठा वाडगा घेऊन बसलेत. थांब, काहीतरी म्हणताहेत." थोडी खुडबुड झाली. लांबून साहेबांचा आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा, "त्याला विचार, वजन?" मग पुन्हा काकू, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं, "ऐकलंस ना? कळव त्यांना. आणि ठेवते आता, दुसरा वाडगा मागवलाय."