खांदशेकणीचे तेल

यवतमाळच्या ज्या गल्लीत माझी जुनी स्कूटर दुरुस्त होते, तिथे परवा मी एका डगमगत्या स्टुलावर बसून होतो. मिस्त्रीने खालचा नट सैल केला आणि काळ्या तेलाची जाड धार पत्र्याच्या डब्यात उतरू लागली. गिअरच्या तेलाचा वास इंजिनच्या तेलासारखा नुसता जळका नसतो. त्यात गंधकाचा उग्रपणा असतो, थोडे कुजकेपण असते, आणि एकदा अंगाला लागला की साबणालाही तो दाद देत नाही. मिस्त्रीने मला जरा लांब बसायला सुचवले. माझ्याने उठवले नाही. डोळे मिटले तर समोर गल्ली नव्हती. धरणाचा फुगवटा होता, काठावर लाकडी ठोकळ्यांचा टेका दिलेली एक पांढरी मोटरबोट होती, आणि तिच्याकडे एकटक पाहत खुर्चीत बसलेले माझे भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचे घराणे कचेऱ्यांत कारकुनी करत आलेले. ताई दिली ती फुलसावंगीकडच्या कपाशी-तुरीच्या घरात. भाऊजींना बैलांचा विलक्षण लळा. पुढे ट्रॅक्टर आला, जोडी गेली, आणि रिकामा गोठा त्यांना पाहवेना. एक दिवस ते समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाहून ट्रकवर घालून ही वापरलेली बोट घेऊन आले. तिचे इंजिन पोटात होते आणि मागे, पाण्यात बुडणारा, पंखा फिरवणारा लोखंडी पाय. समुद्र त्यांनी त्या फेरीतच पहिल्यांदा पाहिला असावा. गावाला थट्टेला विषयच मिळाला. काठावरच्या एका भोयाने त्यांना विचारले होते, "काकाजी, बैलं इकून म्हैस घेतली म्हना की. दिवसभर पान्यातच पडून राहाते." भाऊजी शांतपणे म्हणाले, "हो, पन हिले सरकीची ढेप नाही लागत. तेल पाजलं की झालं."

त्या पायातले गिअरचे तेल वर्षातून एकदा बदलायचे असे, आणि त्यासाठी त्यांनी दिवस निवडला तो खांदशेकणीचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे लोण्याहळदीने चोळून शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण त्यांच्या कानात सांगतात. वर्षभर ज्या खांद्याने ओझे ओढले, त्याची ती क्षमायाचनाच म्हणा. गोठा रिकामा झाल्यावर भाऊजींनी तो मान बोटीच्या पायाला दिला. मी दरवर्षी यवतमाळहून बसने जात असे. आम्ही दोघेही त्या कामात कच्चेच. पहिल्या वर्षी वरच्या भोकातून तेल ओतत बसलो; आत हवा कोंडली, तेल थेंबाथेंबाने उतरले आणि सबंध संध्याकाळ त्यात गेली. पुढे उमगले की ते खालच्या भोकातून पिचकारीने चढवायचे, वरच्या भोकातून डोकावले म्हणजे पाय भरला असे समजायचे. त्या शोधाचा आनंद आम्हांला कितीतरी वर्षे पुरला. काम संपले की भाऊजी हात पुसत आणि बोटीच्या कडेशी वाकून, कोणी पाहत नाही अशा समजुतीने, तिलाही उद्याचे आवतण देत. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरत नसे. पोळ्याला कोण जुपतं, असे ते म्हणत.

गेल्या वर्षी फाल्गुनात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही बरीचशी त्याबरोबर गेली. शब्द मनात तयार होत असावेत, पण ओठांपर्यंत येईतो त्यांची वाट चुकत असे. पाणी हवे असले की ते गुळाचे नाव घेत आणि स्वतःवरच चिडत. पावसाळ्यात हृदयही थकत चालल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पोळा जवळ आला तसा ताईचा फोन आला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, त्याईले एक डाव पान्यावर फिरवून आन. पुढच्या सालाचं मले काई सांगता येत नाही."

मी गेलो. काय करता येण्यासारखे आहे हे कोणीतरी नेमके सांगावे, यासारखा दिलासा नाही. त्या वर्षात मी त्यांच्या उशाशी अनेकदा बसलो होतो आणि प्रत्येक वेळी आपल्या हातांचे काय करावे हे मला कळले नव्हते. आता हातांना काम मिळाले. खांदशेकणीच्या दुपारी भाऊजींना मोटारीतून काठावर नेले, बाभळीच्या सावलीत खुर्ची मांडली. धरण काठोकाठ भरले होते. भोयांची तीन-चार माणसे थोड्या अंतरावर जाळी सांधत होती. हाक मारली की बोट ढकलायला येऊ, असे त्यांनी कबूल केले होते. त्यांतल्या एकाने मला पोहता येते का, असे फार गंभीर चेहऱ्याने विचारून बाकीच्यांना हसवले.

मी बोटीच्या पायाखाली परात ठेवली, आधी खालचा स्क्रू काढला, मग वरचा. काळे, चकचकीत तेल यायला हवे होते. आले ते पांढुरके, गढूळ, सायीसारखे दाट. आत पाणी शिरले होते. गेल्या हंगामातच कुठलेसे रबर फाटले असणार, आणि तेव्हापासून पाणी गिअरच्या दात्यांशी मुकाट्याने बसून असणार. ज्या मिस्त्रीकडून बोट घेतली होती त्याला मी फोन लावला. पाय खाली उतरवून सगळी रबरे बदलावी लागतील, सामान यायला महिना तरी जाईल, असे तो म्हणाला. एखादी छोटी फेरी निघूनही जाईल कदाचित. गिअर आतून गंजले असतील तर मात्र मध्येच दाते तुटतील. खात्रीने काही सांगणे त्याला शक्य नव्हते.

महिना भाऊजींपाशी होता की नाही, हे मला कोण सांगणार? मी परात त्यांच्या नजरेआड सरकवली आणि नवे तेल पिचकारीने चढवू लागलो. ते वरच्या भोकातून सोन्यासारखे स्वच्छ डोकावले. ते आतल्या पाण्यात लवकरच पुन्हा पांढरे होणार, हे मला माहीत होते. आज स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर बरे येत नाही. ती फेरी त्यांच्यापेक्षा मलाच हवी होती. आपण काहीतरी केले, असे पुढे स्वतःला सांगता यावे म्हणून हवी होती.

स्क्रू आवळून मी उठलो आणि भोयांना हाक मारण्यासाठी हात वर केला. तेवढ्यात भाऊजींनी डाव्या हाताने माझा सदरा धरला. त्यांनी परात पाहिली होती; माझ्या आधीच पाहिली असावी. त्यांचा चेहरा आक्रसला, ओठ दोनदा हलले आणि थांबले. मग, कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या स्पष्टतेने ते म्हणाले, "खांदा सुजला तिचा. जुपू नोको."

माझा हात खाली आला. एकच चक्कर, अगदी काठाकाठाने, असे मी विनवून पाहिले. त्यांनी मान हलवली. ज्याचे स्वतःचे अर्धे अंग निकामी झाले होते, त्याच्यापाशी दुसऱ्याचे दुखणे ओळखण्याइतकी जागा शिल्लक होती. आणि मी, धडधाकट माणूस, त्यांना देण्यासाठी आणलेली एकुलती एक गोष्ट हातात घेऊन उभा होतो. मग मीही खुर्चीशेजारी गवतात बसलो. पाणी आमच्यापासून दहा-बारा हातांवर हलत होते. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघे ते पाहत राहिलो.

घरी ताई ओसरीवर वाट पाहत होती. झाली का चक्कर, असे तिने विचारले. मी शब्द जुळवत होतो, तोच भाऊजींनी डोळे मिटून उत्तर दिले, "झाली." ताईचा चेहरा उजळला.

मार्गशीर्षात भाऊजी गेले. आता भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला ताई ती चक्कर सांगते. शेवटच्या खांदशेकणीला ते कसे पाण्यावर गेले, कसे समाधानाने परतले, हे सांगताना तिचा स्वर स्थिर असतो. प्रत्येक सांगण्यात ती फेरी थोडी लांबते. मागच्या खेपेस बोट पलीकडच्या टेकडीपर्यंत जाऊन आली आणि तिथे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उडाला. तिला सारे खरे सांगणे माझे कर्तव्य आहे, असे मी मनाशी म्हणतो आणि चहाचा कप घेऊन मान खाली घालून ऐकत राहतो. ऐकता ऐकता अलीकडे असे होते, की मागचा काठ हळूहळू लहान होत जातो, बाभूळ दिसेनाशी होते, आणि परत कसे फिरायचे हे मला कळत नाही.